मधुमेह वारशाने येतो म्हणजे नेमके काय येते?

समजा, तुमच्या वर्गातली एक मुलगी पंधरा-वीस दिवस शाळेत आली नाही. परत आली ती चांगलीच वाळलेली. आता तिच्या दप्तरात डब्याशेजारी एक लहानशी पेटी असते. मधल्या सुट्टीत ती बोटाला टोचून रक्तातली साखर मोजते, मग पोटाच्या कातडीखाली इन्शुलिनची सुई स्वतःच टोचून घेते आणि नंतर डबा उघडते. वर्गात कुजबुज चालू होते, "गोड फार खात असेल." तिच्या घरी आजी म्हणते, "आमच्या घराण्यात हे दुखणे कुणालाच नव्हते. आजोळकडूनच आले असणार." ते ऐकून तिची आई गप्प बसते. आणि तिचा धाकटा भाऊ कोणाला न सांगता मनात भीत असतो, की उद्या मलाही असेच होणार का?

गोड खाण्यामुळे हे झाले का? हा वारसा कोणाकडचा? भावाला धोका किती? हे तीन प्रश्न आपण हाती घेऊ. त्यांची उत्तरे शोधताना आपल्याला स्वादुपिंडापासून निघून शरीराच्या संरक्षक दलापर्यंत जावे लागेल. कारण ह्या रोगाचे मूळ साखरेत नाही, ते आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेत आहे.

नाव एक, रोग दोन

'मधुमेह' हे एकच नाव आपण दोन निरनिराळ्या रोगांना देतो. आपल्या आजोबांना किंवा काकांना असतो तो बहुधा दुसऱ्या प्रकारचा. त्यात शरीर इन्शुलिन तयार करते, पण ते पुरत नाही किंवा त्याचा परिणाम नीट होत नाही. आपल्या गोष्टीतील मुलीला झाला तो पहिल्या प्रकारचा. तो कोणत्याही वयात होऊ शकतो, परंतु पुष्कळदा बालपणी किंवा तरुणपणी होतो. त्यात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात.

ह्या पेशी असतात जठराच्या मागे आडव्या पसरलेल्या स्वादुपिंडात. १८६९ साली पॉल लँगरहॅन्स ह्या जर्मन वैद्यक-विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात पेशींचे वेगळेच पुंजके दिसले. समुद्रात बेटे विखुरलेली असावीत तसे ते दिसत. म्हणून पुढे त्यांना 'लँगरहॅन्सची द्वीपे' असे नाव मिळाले. ह्या द्वीपांतील बीटा-पेशी इन्शुलिन तयार करतात.

इन्शुलिन मिळाले की स्नायूंच्या व चरबीच्या पेशी रक्तातील साखर आत घेतात. ते नसेल तर साखर रक्तातच साठते व लघवीवाटे बाहेर पडू लागते. जाताना ती बरोबर पाणीही ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी होते आणि न भागणारी तहान लागते. समोर अन्न असूनही पेशी उपाशी राहतात, शरीर चरबी जाळू लागते, वजन झपाट्याने घटते आणि रक्तात आम्ल पदार्थ साठून रोगी बेशुद्ध पडतो. १९२२ पूर्वी ह्या रोगाच्या मुलांना काही महिने, फार तर एक-दोन वर्षे आयुष्य मिळे. त्या वर्षीच्या जानेवारीत कॅनडातील टोरँटो येथे लेनर्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले आणि तो वाचला. बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लाउड ह्यांच्या कामाचे ते फळ होते.

रोगी जगू लागले, पण मूळ प्रश्न तसाच राहिला. चांगल्या धडधाकट मुलाच्या बीटा-पेशी नाहीशा कशाने होतात?

घरातलाच हल्ला

ह्या प्रश्नाचा पहिला भक्कम धागा सापडला १९६५ साली. बेल्जियममधील विकृतिशास्त्रज्ञ विली गेप्ट्स ह्यांनी रोग सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत दगावलेल्या २२ रुग्णांची स्वादुपिंडे तपासली. त्यांपैकी १५ जणांच्या द्वीपांभोवती आणि द्वीपांच्या आत पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली. आग लागलेल्या घराभोवती माणसे गोळा व्हावीत तशी ही गर्दी होती. आता प्रश्न असा, की ही माणसे आग विझवायला आली होती, की त्यांनीच ती लावली होती?

१९७४ साली लंडनमध्ये बोटाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही मधुमेही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच द्वीपांतील पेशींना चिकटणारी प्रतिपिंडे सापडली. प्रतिपिंड म्हणजे शरीराने जंतूंविरुद्ध तयार केलेले शस्त्र. येथे ते शस्त्र स्वकीयांवरच रोखलेले होते. पुढील संशोधनाने चित्र स्पष्ट केले. शरीराचे संरक्षक दलच बीटा-पेशींना शत्रू समजून मारते. गोड खाणे हे ह्या हल्ल्याचे कारण नव्हे. तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले: गोड खाल्ल्याने हा मधुमेह झालेला नाही.

आता पुढे जाऊ. हे दल चुकते कसे, आणि त्या चुकीत आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा भाग कोणता?

गडावरचा पहारा

जुन्या काळच्या एखाद्या गडाची कल्पना करा. दरवाजावर पहारा आहे. येणाऱ्याला परवलीचा शब्द विचारला जातो. बरोबर सांगितला तर आत, नाही तर तलवारी उपसल्या जातात. संशय आला तर नगारा वाजतो, निरोपे धावतात, शिबंदी गोळा होते. धोका टळला की किल्लेदार हुकूम देतो आणि सारे आपापल्या जागी परततात. ह्यातली प्रत्येक गोष्ट ठीक चालली तरच गड सुरक्षित. परवल ओळखण्यात चूक झाली, नगारा भलत्या वेळी वाजला किंवा 'थांबा' हा हुकूम पोचलाच नाही, तर शिबंदी आपल्याच अंबारखान्यावर तुटून पडेल.

आपल्या शरीरातील शिबंदी म्हणजे पांढऱ्या पेशी, आणि त्यांतही विशेषतः टी-पेशी. ह्यांना शिक्षण मिळते ते छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत. तेथे तरुण टी-पेशींना शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे दाखवले जातात. जी पेशी त्यांवर जोराने धावून जाते ती तेथेच संपवली जाते. ही परीक्षा फार कडक असते. तरीही काही नापास उमेदवार हळूच बाहेर निसटतातच. म्हणून बाहेरही त्यांच्यावर लक्ष ठेवणारे आणि त्यांना आवरणारे कोणीतरी लागते.

हा सारा कारभार प्रथिनांमार्फत चालतो आणि प्रत्येक प्रथिन कसे बनवायचे ह्याचा मजकूर जनुकात असतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. 'मधुमेहाचे जनुक' नावाची वस्तू काही लोकांत असते आणि इतरांत नसते, असे नाही. ह्या लेखात येणारी सर्व जनुके तुमच्यात, माझ्यात, सर्वांत आहेत. फरक असतो तो पाठभेदांचा. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवून घेत. उतरवताना कुठे एखादे अक्षर बदले, कुठे शब्द गळे. पोथी तीच, पण पाठ थोडा निराळा. जनुकांचेही तसेच आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे बहुधा दोन प्रती असतात, एक आईकडची व एक वडिलांकडची. आणि त्या दोन प्रतींतही पाठभेद असू शकतो.

तबक आणि त्याची खोबण

टी-पेशीला प्रथिनाचा तुकडा दाखवायचा तर तो कशावर तरी ठेवून पुढे करावा लागतो. हे काम करणाऱ्या प्रथिनांना एच.एल.ए. प्रथिने म्हणतात. पेशीच्या पृष्ठभागावर ती तबकासारखी असतात. तबकाला मध्ये खोबण असते आणि खोबणीत प्रथिनाचा तुकडा बसतो. ह्या प्रथिनांचा पहिला शोध फ्रान्सच्या जाँ दोसे ह्यांनी १९५८ साली लावला. त्याबद्दल त्यांना १९८० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ह्या प्रथिनांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून आहेत आणि माणसामाणसांत त्यांचे इतके पाठभेद आहेत, की एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवताना ते जुळतात की नाही हे आधी पाहावे लागते.

१९७३-७४ च्या सुमारास दिसून आले, की पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांत काही ठरावीक एच.एल.ए. पाठ नेहमीपेक्षा जास्त आढळतात. १९८७ साली टॉड, बेल आणि मॅक्डेव्हिट ह्यांनी नेमके ठिकाण दाखवले. 'डीक्यू' नावाच्या तबकाच्या एका साखळीत ५७ व्या जागी अॅस्पार्टिक आम्ल असेल तर बहुधा संरक्षण मिळते; तेथे दुसरे अमिनो आम्ल असेल तर धोका वाढतो. ही जागा खोबणीच्या कडेलाच आहे. तेथील एक अमिनो आम्ल बदलले की कोणता तुकडा खोबणीत घट्ट बसेल आणि कोणता निसटेल हे बदलते. इन्शुलिनचा तुकडा थायमसमध्ये नीट बसलाच नाही, तर त्याच्यावर धावून जाणारी टी-पेशी परीक्षेत पकडली कशी जाणार?

ह्या रोगाच्या आनुवंशिक धोक्यापैकी सुमारे निम्मा वाटा एकट्या एच.एल.ए. विभागाचा आहे. उरलेला वाटा इतर अनेक जनुकांत थोडाथोडा विभागलेला आहे. अशी ६० हून अधिक ठिकाणे आता माहीत झाली आहेत. त्यांची यादी चाळली तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. साखरेच्या पचनाशी संबंध असलेली जनुके तीत थोडीच आहेत. बहुसंख्य आहेत ती रोगप्रतिकार पेशींच्या निरोपांची देवघेव करणारी.

निरोपांची साखळी

त्यांपैकी काहींची ओळख करून घेऊ.

पहिले जनुक खुद्द इन्शुलिनचेच, अकराव्या गुणसूत्रावरचे. त्याच्या आधी मजकुराचा एक तुकडा पुनःपुन्हा लिहिलेला असतो. काहींत ही पुनरुक्ती कमी, काहींत जास्त. १९९७ मध्ये आढळले, की पुनरुक्ती जास्त असेल तर थायमसमध्ये इन्शुलिनचा नमुना जास्त प्रमाणात तयार होतो. नमुना भरपूर दिसला म्हणजे टी-पेशींना 'हा आपला' हे चांगले शिकता येते आणि धोका कमी होतो.

दुसरे सीटीएलए-४. चेतलेल्या टी-पेशीला 'आता थांब' असे सांगणारे हे प्रथिन म्हणजे सायकलचा ब्रेकच. ब्रेक किंचित सैल करणारे पाठ रुग्णांत अधिक आढळतात.

तिसरे पीटीपीएन-२२. टी-पेशीच्या बाहेरील ग्राहीला इशारा मिळाला की आत प्रथिनांची साखळी जागी होते. एक प्रथिन दुसऱ्यावर फॉस्फेटचा गट चिकटवते, दुसरे तिसऱ्यावर, आणि असा निरोप पेशीकेंद्रापर्यंत पोचतो. पीटीपीएन-२२ चे विकर हे फॉस्फेट काढून टाकते आणि निरोप मंदावते. २००४ साली असे दिसले, की ह्या विकरात ६२० व्या जागी आर्जिनीनऐवजी ट्रिप्टोफॅन असेल तर पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका वाढतो. हाच पाठ संधिवाताच्या एका प्रकारातही सापडतो. म्हणजे बिघाड स्वादुपिंडापुरता नाही. निरोपाचा आवाज किती मोठा असावा, ह्या मुळातल्याच गोष्टीत तो आहे.

चौथे आयएल२आरए. इंटरल्यूकिन-२ नावाचा निरोप्या पेशींमध्ये फिरत असतो. त्याला ओळखणाऱ्या ग्राहीचा एक भाग ह्या जनुकापासून बनतो. ह्या निरोपाची सर्वांत जास्त गरज एका खास प्रकारच्या टी-पेशींना असते. त्यांचे काम लढणे नसून लढणाऱ्यांना आवरणे हे असते. त्यांना नियंत्रक टी-पेशी म्हणतात. निरोप नीट ऐकू आला नाही तर ह्या किल्लेदारांचे बळच घटते.

पाचवे आयएफआयएच-१. हा नगारजी. काही विषाणू पेशीत शिरले की त्यांच्या आरएनएची दुपदरी साखळी तयार होते. ती ओळखून हे प्रथिन नगारा वाजवते आणि इंटरफेरॉन नावाचे रसायन आसपासच्या पेशींना सावध करते. ह्या जनुकाची गोष्ट मोठी गमतीची आहे. २००९ साली असे आढळले, की ह्या प्रथिनाचे काम बिघडवणारे काही विरळ पाठ ज्यांच्यात असतात, त्यांना हा मधुमेह कमी प्रमाणात होतो. नगारा फुटका, म्हणून मधुमेहापासून बचाव! उलट, जास्त जोराने वाजणारा नगारा विषाणूंशी लढायला उपयोगी, पण त्या गदारोळात स्वकीयांवर वार होण्याची शक्यता अधिक. ह्यावरून कळेल, की कोणताही पाठ सरसकट 'वाईट' नसतो. साथीच्या रोगांतून आपल्या पूर्वजांना तारणारे पाठच आज काहींना नडत असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात.

एकच कडी पूर्ण तुटली तर?

वरील प्रत्येक पाठभेदाचा परिणाम अगदी थोडा असतो. पण एखादी महत्त्वाची कडी पूर्णच तुटली तर काय होते, ह्याचे उदाहरण निसर्गानेच दिले आहे. शिमोन साकागुची ह्या जपानी शास्त्रज्ञांनी १९९५ साली नियंत्रक टी-पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या. त्यांची खूण कोणती, तर पृष्ठभागावर असलेला इंटरल्यूकिन-२ च्या ग्राहीचा तोच भाग, आपल्या चौथ्या जनुकाचा! २००१ साली मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल ह्यांनी आजारी उंदरांच्या एका वाणाचा अभ्यास करून फॉक्सपी-३ हे जनुक शोधले. त्याच वर्षी असेही कळले, की हेच जनुक बिघडलेल्या मुलग्यांना आयपेक्स नावाचा अतिशय गंभीर विकार होतो. त्यांच्यात नियंत्रक पेशी कामच करत नाहीत. आतडी, त्वचा अशा अनेक अवयवांवर हल्ला होतो आणि पुष्कळदा पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह होतो. नियंत्रक पेशींवरील ह्या कामासाठी ह्या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आयपेक्स फार विरळ आहे. आपल्या गोष्टीतील मुलीला तो नाही. पण आवरणारे नसले तर लढणारे काय करतात, हे त्यातून कळले.

आकडे काय म्हणतात?

आता वारशाकडे वळू. एकसारख्या जुळ्यांची जनुके एकच असतात. पाठभेदांनीच सारे ठरत असते, तर एकाला हा मधुमेह झाला की दुसऱ्याला तो शंभर टक्के झाला असता. प्रत्यक्षात बऱ्याच पाहण्यांत १०० पैकी ३० ते ५० जोड्यांत दुसऱ्यालाही तो झालेला आढळतो. जुळ्यांवर अनेक दशके लक्ष ठेवले तर हा आकडा आणखी वाढतो, पण शंभराला पोचत नाही.

दुसरा आकडा पाहा. एच.एल.ए. विभागात सर्वांत जास्त धोक्याची समजली जाणारी जोडी, म्हणजे एका बाजूने डीआर-३ व दुसऱ्या बाजूने डीआर-४ मिळालेली युरोपीय वंशाची मुले घेतली, तरी पंधराव्या वर्षापर्यंत त्यांतील साधारण विसात एकालाच हा मधुमेह होतो. उरलेली एकोणीस मुले तोच वारसा घेऊन सुखाने वाढतात.

तिसरा आकडा सर्वांत बोलका आहे. नव्याने रोग झालेल्या १०० मुलांपैकी ८५ हून अधिक मुलांच्या आईवडिलांना वा भावंडांना हा रोग नसतोच. ह्यात नवल नाही. धोका वाढवणारे पाठ समाजात सर्वत्र पसरलेले आहेत. थोडे आईकडून, थोडे वडिलांकडून आलेले पाठ एकाच मुलात एकत्र जमतात. ते ज्यांच्याकडून आले ते दोघेही मात्र निरोगी असतात. म्हणजे 'हा वारसा कोणाकडचा?' ह्या प्रश्नाचे उत्तर, दोन्हीकडचा आणि दोष कोणाचाच नाही.

भावाचे काय? एक नाण्यांचा खेळ करून पाहा. वडिलांच्या एच.एल.ए.च्या दोन प्रतींना 'क' व 'ख' म्हणू, आईच्या दोन प्रतींना 'ग' व 'घ'. दोन नाणी घ्या. पहिले छापा पडले तर 'क', काटा पडला तर 'ख'. दुसरे छापा तर 'ग', काटा तर 'घ'. समजा, बहिणीला 'क-ग' मिळाले. आता भावासाठी ४० वेळा नाणी उडवा आणि नोंद ठेवा. साधारण दहा वेळा दोन्ही प्रती बहिणीशी जुळतील, वीस वेळा एक जुळेल आणि दहा वेळा एकही जुळणार नाही. सर्व भावंडांचा मिळून विचार केला, तर युरोप-अमेरिकेतील पाहण्यांप्रमाणे रुग्णाच्या शंभर भावंडांपैकी पाच-सहांना हा रोग होतो. इतर मुलांपेक्षा हा धोका बराच जास्त, हे खरे. पण शंभरांतील नव्वदांहून अधिक भावंडे त्यातून सुटतात, हेही तितकेच खरे.

एकाच जातीचे बियाणे, दोन शेते

जनुके सारे ठरवत नाहीत, तर उरलेले कोण ठरवते? ह्यासाठी फिनलंडकडे पाहिले पाहिजे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेला हा देश. १९८० साली तेथे पंधरा वर्षांखालील दर लाख मुलांमागे वर्षाला सुमारे ३१ नवे रुग्ण सापडत. २००५ साली ही संख्या सुमारे ६४ झाली. पंचवीस वर्षांत एका राष्ट्राची जनुके बदलत नाहीत. बदलले ते दुसरे काहीतरी.

फिनलंडला लागून रशियाचा करेलिया प्रांत आहे. दोन्हीकडे धोक्याचे एच.एल.ए. पाठ जवळजवळ सारख्याच प्रमाणात आढळतात. तरीही २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फिनलंडमधील मुलांत हा रोग करेलियाच्या सहापट दिसला. एकाच जातीचे बियाणे दोन शेतांत निराळे उगवावे तसा हा प्रकार. बालपणी होणारे विषाणूंचे संसर्ग, आतड्यांतील जंतूंची वस्ती आणि राहणीमान ह्यांचा ह्या फरकाशी असलेला संबंध शास्त्रज्ञ तपासत आहेत. कॉक्सॅकीसारख्या आतड्यांत वाढणाऱ्या विषाणूंवर विशेष संशय आहे, आणि असे विषाणू ओळखणाराच आपला पाचवा नगारजी आहे, हे विसरू नका.

ह्या अभ्यासांत भारत कोठे आहे? बहुतेक जनुके प्रथम युरोपीय वंशाच्या लोकांत शोधली गेली. पीटीपीएन-२२ चा तो पाठ आपल्याकडे फार विरळ आहे, आणि एच.एल.ए. पाठांचे प्रमाणही आपल्याकडे निराळे आहे. शिवाय भारतात सडपातळ, तरुण माणसांनाही दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होतो. त्यामुळे समोरचा रुग्ण कोणत्या प्रकारचा, हे डॉक्टरांना ठरवणे अवघड जाते. पुण्याचे के.ई.एम. रुग्णालय, हैदराबादची पेशी व रेणुजीवविज्ञान संस्था आणि इंग्लंडचे एक्सेटर विद्यापीठ येथील संशोधकांनी २०२० साली ह्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनेक पाठभेदांचे गुण एकत्र करून काढलेला 'धोक्याचा गुणांक' भारतीय रुग्णांतही दोन प्रकार वेगळे ओळखायला मदत करतो, असे त्यांना दिसले. अचूकता युरोपपेक्षा थोडी कमी भरली. आपल्या लोकांचे पाठ आपणच वाचून त्यात घातले, तर ती वाढेल.

ह्या ज्ञानाचा उपयोग

हल्ला एका दिवसात होत नाही. लक्षणे दिसण्यापूर्वी काही महिने किंवा काही वर्षे रक्तात प्रतिपिंडे दिसू लागतात. म्हणजे नगारा वाजल्यापासून अंबारखाना रिकामा होईपर्यंत मध्ये वेळ मिळतो. टी-पेशींचा निरोप मंद करणारे टेप्लिझुमॅब हे औषध अशाच, रोगाच्या उंबरठ्यावर असलेल्या रुग्णांच्या ७६ नातेवाइकांवर तपासण्यात आले. २०१९ च्या निष्कर्षांनुसार औषध न घेतलेल्यांपैकी निम्म्यांना सुमारे दोन वर्षांत रोग झाला. औषध घेतलेल्यांत हाच काळ सुमारे चार वर्षांचा झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. २०२३ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी बॅरिसिटिनिब ह्या गोळीचे निष्कर्ष जाहीर केले. ही गोळी इंटरफेरॉनसारख्यांचे निरोप पेशीच्या आत पोचवणारी विकरे अडवते. नुकताच रोग झालेल्यांना ती ४८ आठवडे दिली, तेव्हा त्यांचे स्वतःचे इन्शुलिन जास्त टिकून राहिले. ह्या उपायांनी रोग बरा होत नाही, आणि इन्शुलिन बंद करून तर मुळीच चालत नाही. पण निरोपांची साखळी समजली म्हणजे ती अडवताही येते, हे त्यांनी सिद्ध केले.

पुन्हा वर्गाकडे

तर, वारशाने काय येते? मधुमेह येत नाही. येतात ते पहाऱ्याच्या कारभारातले बारीक पाठभेद: कुठे खोबण थोडी निराळी, कुठे ब्रेक थोडा सैल, कुठे नगारा थोडा मोठा. त्यांतले काही पाठ तुमच्यातही असतील. ते पुष्कळ एकत्र आले आणि बाहेरून काही ठिणगी पडली, तरच पहारेकरी घरावर उठतो. आईने काय खाल्ले, मुलीने किती पेढे खाल्ले किंवा कोणाचे घराणे कोणते, ह्यांचा ह्यात काही अपराध नाही. हे तुम्हांला कळले असेल, तर ते त्या आजींना आणि त्या भावालाही समजावून सांगा.

दोन गोष्टी मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने लक्षात ठेवाव्यात. एखादे मूल सारखे पाणी पिऊ लागले, वारंवार लघवीला जाऊ लागले, खाऊनही वाळू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून साखर तपासून घ्यावी. उशीर जिवावर बेततो. आणि इन्शुलिन घेणारे मूल तासाला मध्येच घामाघूम झाले, थरथरू लागले, गोंधळल्यासारखे दिसले, तर त्याची साखर खाली गेलेली असू शकते. अशा वेळी शुद्धीत असेल तर त्याला लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे. त्या मुलाला तासाला डबा उघडायची परवानगी लागते, ती मोकळेपणाने द्यावी.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. धोक्याचे पाठ असलेले सर्व लोक जगातून नाहीसे झाले असते, तर आपण अधिक सुरक्षित झालो असतो का? उत्तर देण्यापूर्वी त्या नगारजीची गोष्ट पुन्हा एकदा वाचा.